नावाच्या आधी लेट

थोरलीला वेळ पाळणं कधी जमलं नाही. आळशी होती म्हणून नव्हे. सकाळी दुकानाचं शटर वर करणारी गल्लीतली पहिली तीच, आणि संध्याकाळी खाली ओढणारी शेवटचीही तीच. पण एखाद्या खुर्चीत हात घातला की तिचं भान हरपायचं. जुनं कापड सोलायचं, आतला काथ्या पिंजून पुन्हा बसवायचा, ढिल्या स्प्रिंगा दोरीने आवळायच्या, आणि वरून नवं कापड असं ताणायचं की सुरकुतीला शिरायला फट राहू नये. घड्याळ भिंतीवर होतं, पण त्याच्याकडे बघायला मान वर करावी लागते, आणि थोरलीची मान कायम खाली.

दुकान वडिलांचं. आई धाकटी रांगत असतानाच गेली होती. वडील गेले तेव्हा धाकटी नुकती शाळेत जाऊ लागली होती आणि थोरली दहावीत नापास होऊन घरी बसली होती, त्यामुळे पुढे काय करायचं याचा विचार तिला फारसा करावा लागला नाही. तिने वडिलांचा हातोडा उचलला. गिऱ्हाइकं आधी बिचकली, मग रुळली. काही वर्षांत ‘खुर्च्यांच्या ताई’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर दुकानापाशी आणून सोडू लागला.

धाकटी हुशार होती, आणि थोरलीला तिच्या हुशारीचं स्वतःच्या कामापेक्षाही कौतुक. शाळेतून तिला आणायला जायचं काम थोरलीचं, आणि ते रोज बिनचूक चुकायचं. सगळ्या मुली घरी गेलेल्या, शिपाई फाटकाशी किल्ल्या वाजवत उभा, आणि धाकटी पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. थोरली धापा टाकत यायची, केसांत काथ्याचे धागे. सुरुवातीला धाकटी रडायची, मग रुसायची, मग तिने त्याची गंमतच करून टाकली. ती थोरलीला ‘लेटताई’ म्हणू लागली. गल्लीतल्या मुलांनीही तो शब्द उचलला. थोरलीला राग येत नसे. लेट म्हणजे उशिरा, यात खोटं काय होतं? इंग्रजीतले असे पाचपन्नास शब्द तिला येत होते, कामापुरते. एकदा गिऱ्हाइकाने लेटेस्ट डिझाइन मागितलं तेव्हा तिने धाकटीला विचारलं होतं, लेट म्हणजे उशिरा, तर मग सगळ्यात उशिरा आलेलं ते सगळ्यात नवं कसं? धाकटी हसून लोळली होती, पण उत्तर तिलाही देता आलं नव्हतं.

बारावीनंतर धाकटीने मोठ्या शहरातल्या एका संस्थेत अर्ज केला. लहान मुलांच्या शिक्षिका तयार करणारी संस्था, नाव मोठं, राहणं-जेवण-शिक्षण सगळं संस्थेचं, पण मुलाखत इंग्रजीत आणि जागा मोजक्या. थोरलीने शब्द दिला होता की मुलाखतीला मी बरोबर असेन. ऐन वेळी एका लग्नघरच्या सोफ्याचं काम अडकलं. तिने धाकटीला पहाटेच्या गाडीत बसवलं आणि सांगितलं की तू हो पुढे, मी मागच्या गाडीने आलेच. ती पोहोचली तेव्हा संस्थेच्या कचेरीला कुलूप लागत होतं. धाकटी जिन्यात बसली होती, डोळे सुजलेले. निवड झाली नाही, असंच थोरलीने धरलं. पण धाकटी म्हणाली, “झाली निवड.” थोरलीने तिला मिठीत घेतलं आणि स्वतःही रडली. आनंदाने रडून डोळे सुजतात, असंच तिला वाटलं.

मग वर्षं गेली. धाकटी तिथेच शिकली आणि तिथेच शिकवू लागली. संस्थेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांचा तिच्यावर फार जीव. फोनवर धाकटी त्यांच्याबद्दल भरभरून बोलायची. सुट्टीत ती घरी यायची, दुकानात मांडी ठोकून बसायची, खिळे तोंडात धरून थोरलीला मदत करायची. थोरली तिकडे येते म्हणाली की मात्र काहीतरी आडवं यायचं. आधी वसतिगृहात बाहेरच्या माणसांना बंदी होती, मग खोलीत दुसऱ्या दोघी होत्या, मग परीक्षा, मग तपासणी. थोरलीला कामातून उसंत कुठे होती? तिनेही कधी फार खोदून विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी फोन आला की धाकटीने लग्न केलं. मोठ्या बाईंचा भाचा, जहाजावर इंजिनिअर. त्याला अचानक बोटीवर रुजू व्हायचं होतं म्हणून घाईघाईत कचेरीत जाऊन दोन सह्या केल्या, ना पाहुणे ना जेवण. थोरलीने हातातली सुई खाली ठेवली. मन खट्टू झालं, पण ती म्हणाली, बरं केलंस, सुखात राहा. जावयाला घेऊन ये म्हणाली. तो सहा-सहा महिने समुद्रावर, आला की त्याला इतकी कामं. तेही राहून गेलं.

यंदा फर्निचरच्या एका मोठ्या दुकानदाराने तिला काम दिलं. एका संस्थेच्या सभागृहातल्या खुर्च्या जुन्या झाल्या होत्या, लाकूड भक्कम पण गाद्या गेलेल्या. ठेका दुकानदाराचा, मजुरी थोरलीची. त्याने संस्थेचं नाव सांगितलं आणि थोरली हसतच सुटली. धाकटीचीच संस्था. तिने धाकटीला मुद्दाम काही कळवलं नाही. जाऊन पुढ्यात उभं राहायचं आणि तिचं तोंड बघायचं, असं तिने ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती ठरलेल्या वेळेच्या आधी निघाली.

टेम्पो चालवायला होता रेडिओ. त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. एकदा तोंड उघडलं की बंद करायचं बटण नाही, म्हणून रेडिओ. वाटभर त्याने थोरलीला देशोदेशीच्या बातम्या ऐकवल्या.

संस्था तिने मनात उभी केली होती त्याहून साधी निघाली. दगडी फरशीचं अंगण, पिवळ्या भिंतींचे वर्ग, आणि मागे सभागृह. धाकटीचं नाव घेऊन चौकशी केली तेव्हा शिपायाने सांगितलं की त्या बाई मुलींना घेऊन एका बालवाडीत सरावाच्या पाठांना गेल्यात, संध्याकाळी येतील. थोरलीला बरंच वाटलं. तोवर कामाचा अंदाज घेता येईल.

तिने एकेक खुर्ची उलटी करून बघायला सुरुवात केली. दुपारी मोठ्या बाई स्वतः चहा घेऊन आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, बोलणं मऊ. काम करणाऱ्या माणसाला चहा शिपायाच्या हातून पाठवू नये, असं त्या म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या. बाईमाणसाला या कामात बघून त्यांना नवल वाटलं होतं. थोरली म्हणाली, वडिलांकडून आलं.

“आमच्या एक बाई आहेत,” मोठ्या बाई म्हणाल्या, “त्यांच्याही घरी हेच काम. फार आठवण काढतात त्या. लेट सिस्टरची.”

थोरलीला हसू आवरेना. इतकी वर्षं झाली, धाकटी अजून तेच नाव घेऊन बसली आहे, तेही या एवढ्या मोठ्या बाईंपुढे. आपण कोण ते सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठावर आलं, पण संध्याकाळची मजा जाईल म्हणून ती थांबली.

“लेट तर असणारच हो,” ती म्हणाली, “हे कामच तसलं. एकदा हात घातला की सुटता सुटत नाही.”

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं. चहा प्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

रेडिओ दाराशी खुर्च्या रचत होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि तो चक्क गप्प होता. थोरलीनेच विचारलं, काय झालं रे, वाईट वाटलं का त्यांना? रेडिओने खांद्यावरच्या फडक्याने उगाचच हात पुसले.

“ताई, लेट म्हणजे नुसतं उशिरा नाही,” तो म्हणाला.

त्याने आपली हकीकत सांगितली. वडील वारले तेव्हा तो बँकेत गेला होता. कारकुनाने कागदावर वडिलांच्या नावाआधी लेट लिहिलं. रेडिओ त्याच्याशी भांडायला उठला, की माझे वडील जन्मभर गिरणीत गेले, एक दिवस भोंगा चुकवला नाही, आणि तुम्ही त्यांना लेट म्हणता? सगळी बँक हसली. मग एका म्हाताऱ्या साहेबाने त्याला बाजूला घेऊन समजावलं. माणूस लेट आहे, असं मागे लावलं तर तो उशिरा येणारा. हाच शब्द माणसाच्या आधी लावला, की तो माणूस गेला. वारला. शब्द तोच, जागा बदलली की माणूस संपला.

एरवी या गोष्टीवर थोरली खो-खो हसली असती. तिने विचारलं, “म्हणजे लेट सिस्टर म्हणजे?”

रेडिओ पुढची खुर्ची उचलायला वळला.

थोरली खाली बसली. धाकटीला हे ठाऊक नसेल, ती आपली लाडाचं नाव सांगत असेल आणि लोक भलतंच समजत असतील, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण धाकटी शिकलेली होती. दुसऱ्यांना शिकवत होती. ती उठली, अंगण ओलांडून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मघाशी हसले त्याबद्दल माफ करा, म्हणाली, मला तो शब्द कळला नव्हता. मोठ्या बाईंचा चेहरा निवळला. त्यांनी तिला बसवलं.

थोरलीने विचारलं, कधी गेली त्यांची बहीण?

इथे येण्याच्या आधीच, मोठ्या बाई म्हणाल्या. मुलाखतीला ही पोर एकटी आली होती. इंग्रजी यथातथाच, घाबरलेली. तिला नाकारायचंच ठरत आलं होतं. कुणीतरी विचारलं, तुझ्याबरोबर कोण आलंय? ती एवढंच म्हणाली, माय लेट सिस्टर, आणि तिला रडू कोसळलं. मोठ्या बाईंनी उठून तिला जवळ घेतलं होतं. ज्या मुलीला जगात कुणी नाही तिला परत कसं पाठवणार?

“पुढे माझ्या भाच्याशीच तिचं जुळलं,” त्या म्हणाल्या. “लग्न याच सभागृहात केलं. तिच्या बाजूने उभं राहायला माणूस नव्हतं, म्हणून मीच उभी राहिले. दीडएकशे माणूस होतं. त्या गाद्यांवर डाग दिसतात ना तुम्हाला, ते त्याच दिवसाचे. कितीही धुतले तरी गेले नाहीत.”

थोरली सभागृहात परत आली आणि कामाला लागली. चावी दिलेल्या यंत्रासारखे तिचे हात चालत होते. डाग तिने सकाळीच पाहिले होते. सरबताचे होते, लाल, कडा तपकिरी पडलेल्या. सकाळी तिने फक्त एवढाच विचार केला होता की हे कापड फेकायचंच आहे. आता ती एकेका डागापाशी थांबत होती. या खुर्चीवर कोण बसलं असेल? पुढच्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर कोण? त्या दुपारी आपण काय करत होतो, तेही तिला आठवलं. हिरव्या रेक्झिनची आरामखुर्ची, एका दातांच्या डॉक्टरची. फोन ठेवल्यावर तिने शेजारच्या दुकानांत पेढे वाटले असते, पण कचेरीतल्या दोन सह्यांचं काय वाटायचं म्हणून ती गप्प बसली होती.

तरीही तिच्या मनाचा एक कोपरा धाकटीचा वकील होऊन बसला होता. पोर घाबरली असेल. एकदा तोंडून गेलेलं परत कसं घेणार? मी वेळेवर गेले असते तर कुणी विचारलंच नसतं. येऊ दे तिला. मला बघितलं की सगळं बाजूला टाकून धावत येईल.

संध्याकाळी फाटकाशी मुलींचा गलका झाला. मोठ्या बाई सभागृहाच्या दाराशी आल्या होत्या, थोरली त्यांच्याशेजारी हातात मापाची पट्टी घेऊन उभी. मुलींच्या मागून धाकटी आली. निळी साडी, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर उन्हाचा शीण. तिने मान वर केली आणि थोरलीला पाहिलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, “या खुर्च्यांच्या कामाला आल्यात. तुझ्या घरचंच काम. म्हटलं तुझी ओळख करून द्यावी.”

थोरली वाट बघत राहिली.

धाकटीने एकदा मोठ्या बाईंकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे. मग पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती म्हणाली, “नमस्कार. छान झालं तुम्ही आलात.” आणि मुलींच्या मागोमाग आत निघून गेली.

लेट हा शब्द चुकून तोंडातून गेला असेल. हा नमस्कार चुकून आलेला नव्हता. ‘तुम्ही’ हा शब्दही नव्हता. जिला अंगाखांद्यावर खेळवलं, जिच्या तापात रात्र-रात्र कपाळावर घड्या ठेवल्या, तिने भर अंगणात आपल्याला परकं केलं, आणि तेही किती सफाईने. थोरली दाराच्या चौकटीला टेकली. मोठ्या बाई विचारत होत्या की बरं वाटत नाही का तुम्हाला. दिवसभर वाकून काम केलं, म्हणून चक्कर आली असेल, असं ती म्हणाली.

टेम्पो मागच्या आवारात लावला होता. पहिल्या खेपेच्या खुर्च्या चढवून झाल्या तेव्हा धाकटी मागच्या जिन्याने खाली आली, आजूबाजूला बघत. रेडिओ न सांगता चाकं तपासायला पलीकडे गेला.

“सांगून का नाही आलीस?” हे धाकटीचं पहिलं वाक्य.

मग तीच भडाभडा बोलत सुटली. त्या दिवशी तिला म्हणायचं होतं की माझी बहीण येतेय, तिला नेहमी उशीर होतो. इंग्रजी जुळेना. घरातला शब्द तोंडात आला, लेटताई, त्याचंच तिने इंग्रजी केलं. रडू आलं ते थोरली आली नाही म्हणून, रागाने. पण ते लोक एकदम बदलले. मोठ्या बाईंनी जवळ घेतलं. अर्थ तिला पुढे वर्गात कळला. सांगणार होती, रोज सांगणार होती. मग वाटलं जागा काढून घेतील, मग वाटलं नोकरी जाईल, मग लग्न ठरलं.

“लग्नाला तुला कशी बोलावणार होते मी?” ती म्हणाली. “काय सांगितलं असतं सगळ्यांना, कुठून आली ही?”

“आणि आत्ता?” थोरलीने विचारलं. “आत्ता दाराशी नमस्कार केलास तो?”

धाकटीचा आवाज चढला. तू त्या दिवशी वेळेवर आली असतीस तर हे काहीच झालं नसतं, असं ती म्हणाली. थोरलीने ते ऐकून घेतलं. दिवसभर तीही स्वतःला हेच सांगत होती, पण धाकटीच्या तोंडून ते वेगळं लागलं. धाकटीने मग तिचे हात धरले. मोठ्या बाईंचं हृदय नाजूक आहे, नवरा नुकताच बोटीवर गेलाय, मी स्वतः सगळं सांगते, फक्त मला जरा सवड दे, तू काही बोलू नकोस.

“मी कशाला बोलू,” थोरली म्हणाली. “तुझं तू सांग. पण सांग.”

धाकटीने मान हलवली आणि जिना चढून गेली.

खुर्च्यांचं काम थोरलीने हातचं राखून केलं नाही. डागांचं कापड सोलून तिने पोत्यात भरलं, नवा फोम घातला, गडद निळं कापड ताणून बसवलं. धाकटीचा मधे एकदा फोन आला, गोड बोलली, तब्येतीची चौकशी केली. सांगितलंस का, असं थोरलीने विचारलं. सांगतेय, असं उत्तर आलं.

आणि एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून मोठ्या बाई उतरल्या. थोरलीने धावत जाऊन त्यांना हात दिला, दुकानातली सगळ्यात चांगली खुर्ची पुसून पुढे केली. बाई बसल्या, दम घेतला, आणि म्हणाल्या की तिने मला सगळं सांगितलं.

एक क्षणभर थोरलीला इतकं हलकं वाटलं की तिला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

“मी तुम्हाला दोष द्यायला आले नाही,” बाई पुढे म्हणाल्या. “तुम्हीही तेव्हा लहानच होतात. पण शिकायचं म्हणाली म्हणून पोरीला घराबाहेर काढायचं, हे बरं नाही केलंत. तिला दुकानात राबायला ठेवायची होती तुम्हाला, ती निघून आली. तिने तुम्हाला मेलेलं मानलं, त्यात तिचं तरी काय चुकलं? पण आता तिला बाळ होणार आहे. म्हटलं, बाळाला मावशी असावी. तुमचं मन वळतंय का, बघायला आले.”

दुकानाच्या दारात रेडिओ उभा होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, थोरलीने नजरेनेच त्याला थांबवलं.

तिला एकदम किती तरी गोष्टी एकत्र कळल्या होत्या आणि कुठलीच नीट हातात येत नव्हती. धाकटीला बाळ होणार, हे तिला परक्या माणसाकडून कळत होतं. आणि मेलेली ताई जिवंत करायची वेळ आली, तेव्हा धाकटीने तिला अशी जिवंत केली होती. मेलेली होती तेव्हा निदान सगळे तिच्यासाठी हळहळत तरी होते.

“बाई,” ती म्हणाली, “मी तिला काढलं नाही. शिकू नको, असं मी तिला स्वप्नातसुद्धा म्हटलं नाही. त्या मुलाखतीच्या गाडीत मीच तिला बसवलं होतं. खरं एवढंच आहे. बाकीचं तिला विचारा, आणि ती बोलत असताना तिच्या तोंडाकडे बघा.”

बाईंचा विश्वास बसला की नाही, ते थोरलीला कळलं नाही. त्यांनी चहा घेतला, खुर्च्यांचं काम पाहिलं, नवं कापड हाताने चाचपून छान आहे म्हणाल्या. त्या रिक्षात बसेपर्यंत थोरलीने त्यांचा हात धरून ठेवला.

दुपारीच धाकटीचा फोन आला.

“काय सांगितलंस तू त्यांना?”

थोरलीने वाट पाहिली. अजून काहीतरी येईल, असं तिला वाटत होतं. बाई प्रवासाने दमल्या का, एवढं तरी. चुकले ताई, असं काही तिने मनात धरलंच नव्हतं, असंही नाही.

“खरं सांगितलं,” ती म्हणाली. “बाळाची काळजी घे.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

राहिलेल्या खुर्च्या पोचवायला थोरली गेली नाही, रेडिओला एकट्याला पाठवलं. तो परत आला तो मान खाली घालून. मोठ्या बाईंनी त्याला बसवून एकेक प्रश्न विचारला होता, शाळा कोणती, न्यायला कोण जायचं, सुट्टीत ती कुठे असायची, आणि तो होता रेडिओ. त्याने सगळं सांगून टाकलं होतं. थोरली त्याला रागावली नाही. संस्थेच्या शिपायाशी त्याची गट्टी जमली होती, त्यामुळे पुढे रेडिओकडूनच कळलं की काही बुडालं नाही. धाकटीची नोकरी राहिली, संसारही राहिला. मोठ्या बाई तिच्याशी महिनाभर कामापुरतं बोलत होत्या, मग बाळंतपण जवळ आलं तसा त्यांनीच तो अबोला सोडला. जहाजावरून परतल्यावर जावयाचा एकदा फोन आला. मुलगी झाली, असं त्याने सांगितलं, ताई म्हणाला, तुम्ही या, असंही म्हणाला, अवघडून. थोरलीने आशीर्वाद दिला. बायको शेजारी आहे का, असं तिने विचारलं नाही, आणि त्यानेही फोन कुणाकडे दिला नाही. धाकटी स्वतः मात्र त्यानंतर कधी बोलली नाही. ताईने आपला घात केला असं तिला वाटत होतं की लाज वाटत होती, हे थोरलीला शेवटपर्यंत उमगलं नाही. दोन्ही असेल.

हिवाळ्यात एक नवं गिऱ्हाईक आलं, पाळण्याची गादी शिवून घ्यायला. बोलकी बाई होती. थोरली कापडावर खडूने रेघ मारत असताना तिने सहज विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या?

थोरलीचा खडू थांबला. कुणी नाही, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. आई-वडील गेले, मी एकटीच, हेही खपलं असतं. ती बाई च् च् म्हणाली असती, दोन मऊ शब्द बोलली असती, आणि काम पुढे गेलं असतं.

“एक बहीण आहे,” थोरली म्हणाली. “धाकटी. लांब असते. तिला मुलगी झालीय आता.”

अगं बाई, मग तुम्ही मावशी झालात की, असं म्हणून ती बाई बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारू लागली. ते काही थोरलीला माहीत नव्हतं. तिने कात्री घेतली आणि रेघेवरून कापड कापायला सुरुवात केली.